लाखाच्या पुढे चाललेली गाडी घेताना

मीटरवर १,४०,००० किलोमीटर दिसले म्हणून गाडी सोडू नका आणि ६०,००० दिसले म्हणून भुलू नका. हायवेवर चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली दीड लाखाची गाडी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये झिजलेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली निघू शकते. म्हणून आधी सर्व्हिसची बिलं मागा. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, ते क्रमाने वाढत गेलेले हवेत. बिलं नाहीत, आकडा साठ हजार, पण ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेघा पुसल्या आहेत आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसली आहे, तर मीटर मागे केला आहे असं धरून चला.

मालकाला आदल्या दिवशीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी या, कारण गरम इंजिनमध्ये निम्मे दोष लपतात. इंजिन थंड असतानाच कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) झाकण उघडा (गरम असताना कधीही नाही, वाफेने हात भाजतो). आत गंजाच्या रंगाचं पाणी असेल, तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं आहे. मग ऑइलच्या झाकणाची आतली बाजू पाहा. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तिथे थोडा पांढरट थर येतो, त्याने घाबरू नका. पण डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही चहासारखं दुधाळ दिसलं, तर ऑइलमध्ये पाणी जातंय, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय. अशी गाडी स्वस्तातही घेऊ नका.

आता एकाने गाडी सुरू करावी, दुसऱ्याने सायलेन्सरमागे उभं राहावं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर कूलंट जळतंय. गाडी डिझेलची असेल तर इंजिन गरम झाल्यावर, गाडी जागेवर नुसती सुरू असताना, ऑइलचं झाकण सैल करा: किंचित फुंकर चालते, झाकण थडथड उडत असेल आणि धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी टायमिंग चेन आहे की बेल्ट, हेही विचारा. उदाहरणार्थ रेनो डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट असतो. तो बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं समजून खर्च धरा, कारण तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

निदान १० किलोमीटर चालवा, वाटेत एखादा चढ घ्या. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरताना कटकट आली तर ॲक्सलचा जॉइंट झिजला. स्पीडब्रेकरवरची खडखड बहुतेक वेळा सस्पेन्शनच्या लिंक रॉड किंवा लोअर आर्मच्या बुशची असते. हा किरकोळ खर्च आहे, त्यावर भाव कमी करून घ्या.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ आणि सीटखालच्या रेलवर गंज, म्हणजे गाडी पुरात बुडालेली. सांगली, कोल्हापूर, चिपळूणकडच्या २०१९ आणि २०२१च्या पुरांआधीच्या गाड्यांत हे हमखास तपासा. वायरिंगचे दोष अनेक महिन्यांनी वर येतात.

बजेट ३ लाख असेल तर गाडी अडीचचीच बघा. टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेक पॅड यांतच उरलेले संपतात. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा.

विसार देण्याआधी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर आरसीची मुदत आणि कर्जाचा बोजा पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात घ्या. ई-चलनं मालकाकडून भरून घ्या. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की १४ दिवसांत विम्यावरही आपलं नाव लावायला अर्ज करा.