जुना पेट्रोल ट्रक लडाखला नेताना कार्ब्युरेटरच्या या चुका टाळा

जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेला निसान वन टन किंवा जोंगा असो, नाहीतर महिंद्राची जुनी पेट्रोल गाडी, पुण्यात सुरेख चालणारे हे इंजिन मनालीच्या पुढे काळा धूर सोडू लागते, चढावर ओढत नाही आणि स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ठेवले की बंद पडते. त्यानंतर रस्त्याच्या कडेला घाईघाईत जे उपाय केले जातात, त्यांतील बरेचसे मूळ दुखण्यापेक्षा अधिक नुकसान करतात. कारण नीट समजले, तर यातील जवळजवळ प्रत्येक चूक टाळता येते.

हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर हवेचे वजन मोजत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून जाणाऱ्या हवेमुळे जो दाब कमी होतो, त्याच्या बळावर तो जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल ओढतो. उंचीवर हवा विरळ होते, पण पेट्रोलची घनता तीच राहते, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, म्हणजेच मिश्रण रिच होते. ही वाढ हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने होते. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. लेहमधील हवेची घनता पुण्याच्या जवळपास तीन चतुर्थांश असते, म्हणून तेथे मिश्रण सुमारे १६ टक्के रिच होते. लेहच्या वाटेवरील तांगलांग ला या खिंडीत, ५,३०० मीटरच्या आसपास, हाच आकडा २७-२८ टक्क्यांवर जातो. गाडी बिघडलेली नसते. ती पुण्याच्या हवेसाठी जुळवलेली असते, एवढेच.

पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘हवा कमी पडते’ असे म्हणून एअर फिल्टर काढून टाकणे. फिल्टर स्वच्छ असेल, तर त्याचा अडथळा अगदी थोडा असतो आणि तो दूर केल्याने बाहेरची विरळ हवा दाट होत नाही. उलट लडाखची बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा व बोअर झिजवते. जुन्या गाड्यांतील ऑइल-बाथ फिल्टरची, म्हणजे तेलात धूळ पकडणाऱ्या फिल्टरची, वाटी धुऊन, खुणेपर्यंतच तेल भरून प्रवासाला निघावे. खुणेच्या वर तेल भरले, तर ते हवेबरोबर आत ओढले जाते आणि त्याचा धूर पेट्रोलच्या धुरात मिसळून निदान अवघड करतो.

दुसरी चूक स्लोच्या स्क्रूबाबत होते. मिश्रणाचा हा स्क्रू स्लोवर आणि ॲक्सिलरेटर जेमतेम उघडेपर्यंतच परिणाम करतो. चढावर गाडी ओढताना पेट्रोल मेन जेटमधून, म्हणजे मुख्य जेटमधून, येते आणि त्या पेट्रोलशी या स्क्रूचा काही संबंध नसतो. तरीही तो कसून पिळला जातो, त्याचे टोक सीटवर दाबून खाचते, आणि मग गाडी खाली आणल्यावरही स्लो नीट बसत नाही. शिवाय काही कार्ब्युरेटरांत हा स्क्रू मिश्रणाचे प्रमाण ठरवतो, तर काहींत तो फक्त हवेचा मार्ग कमी-जास्त करतो. पहिल्या प्रकारात आत फिरवल्यास पेट्रोल कमी होते, दुसऱ्या प्रकारात वाढते. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे घरीच तपासून ठेवावे. उंचीवर इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्क्रू थोडा थोडा फिरवून, इंजिन सर्वांत स्थिर फिरेल तेथे थांबावे आणि स्लोची गती किंचित वाढवावी, कारण विरळ हवेत ती आपोआप उतरलेली असते.

खरे काम मेन जेटचे आहे, आणि येथेच अंदाजाने केलेले काम महागात पडते. सोलेक्स पद्धतीच्या जेटवरील आकडा हा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. पेट्रोल छिद्राच्या क्षेत्रफळाप्रमाणे येते, म्हणून १६ टक्क्यांची वाढ घालवण्यासाठी व्यास १६ टक्क्यांनी नव्हे, तर सुमारे ७ टक्क्यांनीच कमी करावा लागतो. पुण्यात १२५ चा जेट योग्य बसत असेल, तर मनालीला १२०, लेहला ११५ किंवा ११६ आणि तांगलांग लाला ११० च्या आसपासचा जेट लागेल. प्रत्येक खिंडीसाठी जेट बदलत बसणे व्यवहार्य नाही. माझ्या मते मनालीनंतरच्या केलाँगला ११५ बसवून लेहपर्यंत तोच ठेवावा. सर्वांत उंच खिंडींवर मिश्रण थोडे रिच राहील, पण रिचपणामुळे इंजिनाला तात्काळ इजा होत नाही. हे आकडे सुरुवातीचा अंदाज देतात. अंतिम निर्णय स्पार्क प्लगच्या रंगावरून करावा. लेहच्या वाटेवर पांगच्या पुढे मोरेच्या सपाट मैदानात गाडी काही वेळ एकाच वेगाने चालवून, क्लच दाबून इग्निशन बंद करावे, थांबल्यावर प्लग काढून पाहावा. कोरडी काळी काजळी म्हणजे अजून रिच, फिकट तपकिरी म्हणजे ठीक, आणि पांढरट चकाकी म्हणजे लीन (पेट्रोल कमी), ज्याकडे दुर्लक्ष करू नये.

छिद्र लहान करण्यासाठी जेटमध्ये तार अडकवून ठेवणे किंवा डाख (सोल्डर) लावून पुन्हा भोक पाडणे हे प्रकार पूर्णपणे टाळावेत. जेट पितळेचा असतो. साफ करतानाही तार घातली तर त्यावर ओरखडे उठतात आणि त्यावरील आकड्याला काही अर्थ उरत नाही. जेटचे तीन-चार आकडे डबीत घालून सोबत न्यावेत. हवेसाठीच्या एअर जेटला मात्र हात लावू नये.

जेट बदलण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची (तरंगाची) पातळी आणि तेथे येणारे पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह तपासलेले असावेत. नीडल गळत असेल, तर पुण्यातही गाडी थोडी रिचच चालत असते. तिथे ते खपून जाते आणि उंचीवर सगळा दोष हवेला दिला जातो. तसेच थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारा चोक पूर्ण उघडतो की नाही, हे झाकण काढून डोळ्यांनी पाहावे. वाटेतील सारचूच्या थंड सकाळी खाली लागतो तेवढाच चोक ओढून ठेवला, तर प्लग ओले होतात.

निदानातील एक चूक फार खर्चिक ठरते. लेहमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, तपासले आणि पुण्यात १२० पौंड (प्रति चौरस इंच) दाखवणारे सिलिंडर ८५ च्या आसपास दिसले, तर रिंगा गेल्या असे समजून इंजिन उघडण्याची तयारी सुरू होते. बाहेरचा दाबच कमी असल्याने हा आकडा अपेक्षितच आहे. सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे असतील, तर इंजिन निरोगी आहे. इंजिनाची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेजही दर ३०० मीटरला सुमारे एक इंच (पाऱ्याचा) कमी दाखवतो. ज्या कार्ब्युरेटरांत जोर लागताना जादा पेट्रोल देणारा, व्हॅक्यूमवर चालणारा पॉवर व्हॉल्व्ह असतो, त्यांत तो याच कारणाने लवकर उघडून आणखी पेट्रोल सोडतो. तेथे केवळ जेट बदलून भागत नाही.

शक्तीबद्दलही स्पष्ट असावे. टर्बो नसलेले इंजिन तांगलांग लावर पुण्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच शक्ती देते आणि कोणतेही ट्यूनिंग ती परत आणत नाही. म्हणून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून वरच्या गिअरमध्ये झुंजू नये. वेळीच खालचा गिअर, गरज पडल्यास फोर-व्हील ड्राइव्हची लो रेंज वापरावी आणि सामान कमी न्यावे.

गाडी रिच चालत असताना गळका सायलेन्सर हा केवळ आवाजाचा प्रश्न राहत नाही. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे डोकेदुखी, मळमळ आणि गरगरणे होते, आणि उंचीच्या आजाराची लक्षणेही हीच असतात. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, तर आधी उतरून मोकळ्या हवेत जावे; थंडीसाठी इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपू नये.

शेवटची चूक परतीच्या वाटेवर होते, आणि इंजिनाचे खरे नुकसान तीच करते. विरळ हवेत मिश्रण सावकाश जळते, म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, दर ३०० मीटरला सुमारे एक अंश पुढे घेण्याचा प्रघात आहे. मी स्वतः पाच-सहा अंशांपुढे जाऊ नये असेच सांगेन. पण लहान जेट आणि पुढे घेतलेले टायमिंग तसेच ठेवून गाडी झोजी लामार्गे श्रीनगरला, म्हणजे सुमारे १,६०० मीटरवर उतरवली, तर मिश्रण दहा टक्क्यांहून अधिक लीन होते. भार पडला की नॉकिंग (इंजिनात ठोक्यांचा आवाज) सुरू होते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात आणि पिस्टनला धोका पोचतो. गाडी खाली हलकी, चपळ वाटत असल्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. जोंगा किंवा वन टनाचे व्हॉल्व्ह सहज मिळत नाहीत, त्यामुळे सोनमर्गला थांबून, इंजिन थंड होऊ देऊन, १२० चा जेट बसवावा, टायमिंग मूळ खुणेवर आणावे आणि मगच पुढचा रस्ता धरावा. १२५ चा जेट मैदानात पोचल्यावर बसवला तरी चालेल.