घरच्या विजेचा धूर कसा मोजावा आणि कुठून कमी करावा

कर्नाटक सरकारची घरगुती वीज माफ करणारी गृहज्योती योजना आल्यापासून बेळगाव सीमाभागातल्या बऱ्याच घरांत लाईट बिल शून्य येतं, आणि बिलाकडं बघायची सवयच मोडली. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! पण बिल माफ झालं म्हणून कोळसा जळायचा थांबत नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, हिडकलला धरण आहे, हे खरं. तरी २०१३ च्या अखेरीपासून सगळ्या देशाचं वीजजाळं एकच झालंय आणि त्यात रायचूर-बळ्ळारीसारख्या ठिकाणचा कोळसा मोठा वाटेकरी आहे. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सारखा लागणार आहे.

१. महिन्याचा हिशेब मांडा

लोक अजून केईबी (जुनं वीज मंडळ) म्हणतात, पण बिल हेस्कॉम या वीज कंपनीचं येतं (हुक्केरी तालुक्यात वीज सहकारी संघाचं). ते कानडीत असलं तरी अडायचं कारण नाही. मागचं रीडिंग, आताचं रीडिंग आणि दोन्हींतला फरक हे तीन आकडे शोधा. भरायची रक्कम शून्य असली तरी ते छापलेले असतात. जो फरक येईल त्याला ०.७ नं गुणा, की विजेपायी किती किलो कार्बन डायऑक्साईड गेला ते निघालं.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साईड होतो. पेट्रोलच्या लिटरमागं २.३ किलो, डिझेलच्या २.७ किलो धरा.

समजा बेळगावच्या शहापुरात चार माणसांचं घर आहे. महिन्याला १२० युनिट, एक सिलिंडर, दोन गाड्यांत मिळून २० लिटर पेट्रोल. ८४ अधिक ४२ अधिक ४६, म्हणजे १७२ किलो. वर्षाचे दोन टन. आपल्याकडं पेट्रोल स्वस्त म्हणून कोल्हापूरकडची मंडळी हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं येऊन टाकी फुल्ल करतात. लिटरमागचा धूर मात्र नाक्याच्या दोन्ही बाजूंना तेवढाच.

२. मीटरच्या लाल दिव्याकडं बघा

घरातलं कुठलं यंत्र वीज खातंय, हे अंदाजानं सांगणारे शंभर भेटतील. मीटरला विचारलेलं बरं. डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या आसपास १६०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो. इतक्यांदा दिवा लागला की एक युनिट झालं, असा त्याचा अर्थ.

घरातलं सगळं बंद करा आणि फक्त फ्रिज चालू ठेवा. कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला की घड्याळ लावून मिनिटभर लुकलुक मोजा. ३२०० च्या मीटरवर आठ वेळा दिवा लागला, तर तासाला ४८० वेळा लागेल. ४८० ला ३२०० नं भागलं की ०.१५ येतं, म्हणजे फ्रिज १५० वॅट ओढतोय. कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो, त्यामुळं दिवसाचा खर्च चोवीस पट होत नाही. तरी जुना फ्रिज २५०-३०० वॅट दाखवू लागला तर आधी दाराचं रबर तपासा: कागदाची घडी दारात धरा, दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली, तर गार हवा तिथूनच निसटतेय.

आता फ्रिजही बंद करा. तरीही दिवा लागत असेल तर इन्व्हर्टर, वायफाय, टीव्हीचा स्टँडबाय बघा. त्यातलं काहीच चालू नसेल तर वायरमनला बोलवा, वायरिंगमधून करंट गळत असणार. मग गिझर लावून बघा. दिवा मोजताच येत नाही इतक्या वेगानं लुकलुकतो.

३. आंघोळीचं पाणी

बेळगावकडच्या घरात खरं वजन इथं आहे. गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, पावसाळा लांबलचक, थंडी बरी. गरम पाण्याशिवाय आंघोळ कोण करतो? पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीसवर न्यायला साधारण ०.३५ युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या रोज धरल्या तर महिन्याला ४० ते ४५ युनिट नुसत्या पाण्यात गेले. वरच्या उदाहरणातला विजेचा तिसरा हिस्सा हाच.

म्हणून पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते सोलर वॉटर हीटरवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. चार माणसांना १०० लिटरचा पुरतो. अथणी-रायबागकडं बोअरचं पाणी जड असतं, क्षार बसतो. तिथं काचेच्या नळ्यांचा घ्या आणि नळ्या वरचेवर साफ करून घ्या. जून ते सप्टेंबर खानापूर भागात ऊन मिळत नाही, तेव्हा गिझर लागणारच. तो आंघोळीआधी लावा, पाणी तापलं की बंद करा.

आणि बंब? ज्यांच्या परड्यात तो अजून आहे त्यांनी मोडीत घालायची घाई करू नये. शेणी, करवंट्या, मक्याची कणसं असं घरचंच जळण असेल तर विजेच्या गिझरपेक्षा तो चांगला. फक्त विकतचं रानातलं लाकूड नको, आणि पेटवायला प्लॅस्टिक तर मुळीच नको. चार-पाच जनावरं असतील तर शेणाचा उत्तम उपयोग गोबरगॅस. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण लागतं आणि त्यातून सुमारे एक किलो सिलिंडरच्या गॅसइतकं काम होतं.

४. पंखे, दिवे

जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० ते ३५ वॅटचा. दिवसभर फिरणारा असेल तोच बदला; पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे. चोकवाल्या ट्यूब काढून एलईडी लावा.

५. शेतातली मोटर

पाच एचपीची मोटर सात तास चालली की तीसेक युनिट जातात. शहापूरच्या त्या घराचा महिना मळ्यात चार दिवसांत संपतो. कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट, त्यामुळं ऑटो स्टार्टर लावून माणूस घरी झोपतो. रात्री करंट आला की मोटर आपोआप सुरू, आणि उसात पहाटेपर्यंत पाणी. त्या स्टार्टरला टायमर जोडून घ्या. फूटव्हॉल्व्ह गळतोय का, पाइपला उगाच जास्त बेंड आहेत का, कपॅसिटर चालू आहे का, हे हंगामाआधी बघा. ठिबक केलं तर मोटरचे तासच कमी होतात, आणि उसाला ते मानवतंही.

६. छतावरचं सोलर

एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून, सोळा अंशांच्या आसपास तिरकं. मंगळुरी कौलांचं घर असेल तर आधी वाशांची ताकद बघा.

एक गोष्ट मात्र विकणारे सांगत नाहीत. गृहज्योतीत तुमचा फुकट युनिटांचा वाटा २०२२-२३ च्या सरासरीवर ठरलेला आहे. वापर त्यात बसून बिल शून्य येत असेल, तर सोलरचे पैसे वसूल व्हायचे कसे? अशा घरानं आधी पाणी आणि पंखे बघावेत. महिना २०० युनिट ओलांडणाऱ्या घराला मात्र अख्खं बिल भरावं लागतं. त्यांनी सोलरचा विचार जरूर करावा.

लाईट गेल्यावरही घर चालू राहील म्हणून साधं ऑनग्रिड (वीजजाळ्याला जोडलेलं) सोलर घेऊ नका. लाईन बंद झाली की तेही आपोआप बंद पडतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसेल. त्यासाठी बॅटरी वेगळी घ्यावी लागते.