मर्क्युरी-रेडस्टोनचं मॉडेल: पाइप कापण्याआधीची तयारी

मर्क्युरी-रेडस्टोन म्हणजे रेडस्टोन रॉकेट आणि त्याच्या टोकावर बसवलेली मर्क्युरी ही अंतराळवीराची कुपी (कॅप्सूल). सगळ्यात आधी यांचं कोणतं उड्डाण बनवायचं ते ठरवा. नुसतं ‘मर्क्युरी-रेडस्टोन बनवायचंय’ एवढ्यावर काम सुरू केलं, तर अर्ध्यात अडकायला होतं. नोव्हेंबर १९६० ते जुलै १९६१ या काळात ही जोडी सहा वेळा उडवायला उभी राहिली आणि दर वेळी काही ना काही बदललेलं होतं. ५ मे १९६१ ला अंतराळवीर ॲलन शेपर्डला नेणाऱ्या ‘फ्रीडम ७’ला दोन लहान गोल खिडक्या होत्या. २१ जुलैला गस ग्रिसमच्या ‘लिबर्टी बेल ७’ला मोठी समलंब चौकोनी खिडकी आली, स्फोटाने उघडणारं दार आलं आणि कुपीवर अमेरिकेतल्या ‘लिबर्टी बेल’ घंटेच्या तड्यासारखी पांढरी रेघ रंगवली गेली. इथे पुढचं सगळं ‘फ्रीडम ७’ धरून सांगितलं आहे.

फोटो त्याच उड्डाणाचे हवेत, निदान तीन बाजूंनी घेतलेले, छापून भिंतीवर लावलेले. इंधन भरायच्या आधीचे मिळाले तर उत्तम. रेडस्टोनमध्ये अल्कोहोलची टाकी वर आणि द्रवरूप ऑक्सिजनची खाली असते. ती भरली की खालच्या अंगावर हिम धरतं आणि रंगाच्या कडा नीट दिसत नाहीत. काळ्या-पांढऱ्या चौकटी एका फोटोवरून मोजून दुसऱ्या उड्डाणावर चिकटवणं ही या मॉडेलमधली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

आता स्केल. पुस्तकी १:४८ धरलं तर ३७ मिमीची नळी लागते आणि ती बाजारात शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातला ४० मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या. आपल्याकडे हे माप बाहेरच्या व्यासाचं असतं. खऱ्या रेडस्टोनचा व्यास ७० इंच, म्हणजे १.७७८ मीटर. त्यावरून स्केल १:४४.४५ येतं. मग शेपटीपासून कुपीवरच्या सुटकेच्या मनोऱ्याच्या (धोक्याच्या वेळी कुपी ओढून दूर नेणाऱ्या सांगाड्याच्या) टोकापर्यंतची २५.४१ मीटर उंची ५७२ मिमी होते, मनोऱ्यासकट ७.९ मीटरची कुपी १७८ मिमी आणि कुपीचा तळ, जो खरा ७४.५ इंचांचा, तो ४२.६ मिमी. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

या आकड्यांमधली एक गोष्ट नीट बघा: कुपी रॉकेटपेक्षा रुंद आहे. चहूबाजूंनी १.३ मिमी बाहेर. दोन्हींना जोडणारा अडॅप्टर त्यामुळे वर जाताना किंचित फुलतो. बरेच जण इथे सगळं एका रेषेत घासून गुळगुळीत करतात आणि मग मॉडेल ‘कुठेतरी चुकतंय’ असं वाटत राहतं.

पाइप अर्धा मीटर आणा, पण निवडून. उन्हात पडलेले पाइप वाकतात. दुकानातल्याच काचेवर किंवा फरशीवर लोळवून पाहा, खालून उजेडाची फट आत-बाहेर होत असेल तर दुसरा मागा. व्हर्निअर कॅलिपरने दोन्ही टोकांचा व्यास मोजा. लांबी लगेच कापू नका. कुपी आणि मनोरा तयार झाले की सगळं उभं मांडून एकूण ५७२ होईल असा पाइप कापायचा. काप काटकोनात येण्यासाठी कागदाची सरळ पट्टी पाइपभोवती गुंडाळायची, कडेवर कड बसली की तीच रेघ. तीच पट्टी दोनदा दुमडली की शेपटीवरच्या चार पंखांच्या (फिन्सच्या) जागा मिळतात, दोन खुणांमध्ये ३१.४ मिमी अंतर. उभी रेघ मारायला ॲल्युमिनियमचा एल-अँगल पाइपवर ठेवला की तो आपोआप सरळ बसतो.

पाइपवरची छापील अक्षरं थिनरने पुसा, नाहीतर पांढऱ्या रंगातून वर येतात. नंतर २२० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळा पृष्ठभाग खरवडा. नव्या पाइपवर मेणचट थर असतो. तो राहिला तर मास्किंग टेप काढताना रंगाची पापुद्री टेपबरोबर येते.

पंखांसाठी १ मिमी स्टायरीन (प्लास्टिक) शीट, दोन थर. टोकाकडची हलणारी सुकाणूं वेगळी कापू नका, कटरने रेघ कोरली तरी पुरे. चिकटवायला फेविक्विकचा एक थेंब फक्त पकडीपुरता, खरा जोड अराल्डाइटचा. पीव्हीसीचं सोल्युशन स्टायरीनला लावू नका, पातळ कड विरघळून वाकडी होते. मुळाशी एम-सील भरून ओल्या बोटाने गोलाई द्या.

कुपीच्या शंकूला जास्त वेळ राखून ठेवा. बाजूचा कल अक्षाशी २० अंश आहे, म्हणून कागदावर ६२ मिमी त्रिज्येचा, १२३ अंशांचा वर्तुळाचा तुकडा काढायचा, शिवाय जोडासाठी ४ मिमी चिकटपट्टी. वरच्या टोकाची त्रिज्या आराखड्यावरून घ्या आणि २.९२ ने गुणा, ती आतली कमान. शंकूवरच्या धातूच्या पत्र्याला उभ्या नालीदार रेषा आहेत. त्यासाठी जेवणाच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा कापून पत्रा घ्या, मऊ रबरावर ठेवा आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने रेषा दाबा. घरातली फॉइल इतकी पातळ असते की दुसऱ्याच रेषेला फाटते. आधी रेषा, मग पत्रा शंकूवर गुंडाळणं. उलट केलं तर रेषा तिरक्या जातात.

सुटकेचा मनोरा तीन पायांचा असतो, चार नव्हे. पितळी तार पायांना १ मिमी, आडव्या-तिरक्या दांड्यांना ०.७ मिमी. लाकडी फळीवर आराखडा चिकटवून खिळ्यांच्या आधाराने आधी एक सपाट बाजू झाळून घ्या. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरतो. शेजारचा जोड तापून सुटतो, म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा किंवा मगर-क्लिप लावून ठेवा. रंग लाल.

स्प्रेसाठी प्रायमर, पांढरा, काळा, लाल असे चार डबे आणि पाइपचा उरलेला तुकडा चाचणीसाठी. आधी पांढरा, एक दिवस थांबून मास्किंग टेप, मग टेपच्या कडेवरून पुन्हा पांढऱ्याचा हलका हात आणि त्यावर काळा. मधला पांढरा कडेखालच्या फटी बुजवतो, काळा आत शिरत नाही. टेप आधी जीन्सवर एकदा चिकटवून त्याचा जोर कमी करा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेत मारलेल्या काळ्यावर पांढुरकी झाक येते. कोरड्या दिवसाची वाट पाहिलेली बरी.

उभं करायला १०० मिमी चौरस एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) फळी आणि मध्ये लाकडी दांडा. पाइपच्या आतला व्यास जाडीप्रमाणे बदलतो, म्हणून दांडा सैल असेल तर त्याला टेपचे वेढे द्या. दांडा पाइपमध्ये निदान ६० मिमी आत गेला पाहिजे.