महाकाय विमाने पारखावीत कशी

जगातील सर्वांत मोठे विमान कोणते, असे विचारले की कोणी एअरबस ए-३८० चे नाव घेतो, कोणी अँटोनोव एएन-२२५ चे, तर कोणी अमेरिकेतील दोन धडांच्या ‘रॉक’चे. ही तिन्ही उत्तरे बरोबर ठरू शकतात, कारण प्रत्येकाने वेगळे माप मनात धरलेले असते. म्हणून या विमानांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने नावे पाठ करण्याआधी मापे नीट समजून घ्यावीत. एवढे केले की प्रवासी विमान आणि लष्करी मालवाहू विमान यांची घडण इतकी निराळी का असते, हेही आपोआप उलगडत जाते.

आधी माप ठरवा

तुलना करताना निदान चार मापे वेगळी ठेवावीत: पंखांचा विस्तार, लांबी, उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन आणि वाहून नेण्याची क्षमता.

पंखांच्या विस्तारात पहिला क्रमांक ‘रॉक’ या विमानाचा लागतो. स्ट्रॅटोलाँच कंपनीने बांधलेले हे विमान १३ एप्रिल २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथून प्रथम उडाले. त्याचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११७ मीटर भरतात. दोन धडांना जोडणाऱ्या मधल्या पंखाखाली रॉकेट किंवा ध्वनीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने जाणारे चाचणी-यान टांगून ते उंचावर सोडायचे, एवढ्यासाठीच त्याची रचना झाली आहे. त्यापूर्वी कितीतरी वर्षे हा मान हॉवर्ड ह्यूज यांच्या एच-४ हर्क्युलिस या लाकडी उडत्या नौकेकडे होता. तिच्या पंखांचा विस्तार साधारण ९७ मीटर होता, परंतु २ नोव्हेंबर १९४७ रोजी ती एकदाच, तेही पाण्यापासून जेमतेम वीसेक मीटर उंचीवर, सुमारे दीड किलोमीटर उडाली. नियमित काम करणाऱ्या विमानांच्या यादीत तिला बसवू नये, असे माझे मत आहे.

वजनाच्या मापात एएन-२२५ ‘म्रिया’ला तोड नव्हती. बुरान हे सोव्हिएत अंतराळयान पाठीवर वाहून नेण्यासाठी ते घडवले गेले आणि २१ डिसेंबर १९८८ रोजी प्रथम उडाले. त्याला सहा इंजिने व बत्तीस चाके होती, पंखांचा विस्तार ८८.४ मीटर आणि लांबी ८४ मीटर होती, तर उड्डाणाचे कमाल वजन ६४० टन होते. ऑगस्ट २००९ मध्ये त्याने जर्मनीहून आर्मेनियाला एका वीज प्रकल्पाचा जनित्र नेला. चौकटीसह त्या एकाच नगाचे वजन सुमारे १९० टन होते. मे २०१६ मध्ये असाच एक अवजड जनित्र प्रागहून ऑस्ट्रेलियातील पर्थला नेताना हे विमान हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर थांबले होते. म्रिया एकच पूर्ण झाले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या आक्रमणात कीव्हजवळील होस्तोमेल विमानतळावर ते नष्ट झाले, तेव्हा विमानांवर जीव असणाऱ्या जगभरच्या लोकांना घरचे कोणी गेल्यासारखे वाटले. म्हणून त्याच्याविषयी लिहिताना भूतकाळ वापरावा. आजही अनेक याद्यांत ते सेवेत असल्यासारखे दाखवले जाते.

प्रवासी क्षमतेत ए-३८० निर्विवाद पहिले आहे. पूर्ण लांबीचे दोन मजले, ७२.७ मीटर लांबी, ७९.७५ मीटर पंखविस्तार आणि ५७५ टनांपर्यंत वजन अशी त्याची मापे आहेत. सुरक्षेच्या निकषांनुसार त्यात ८५३ प्रवासी बसवण्यास मान्यता आहे, पण प्रत्यक्षात विमान कंपन्या साधारण पाचशेच्या आसपास आसने ठेवतात. लांबीच्या बाबतीत मात्र ते बोइंग ७४७-८ च्या मागे पडते, कारण ७४७-८ हे ७६.३ मीटर लांब आहे. जानेवारी २०२० मध्ये प्रथम उडालेले बोइंग ७७७-९ तर ७६.७ मीटर भरते, आणि तेही दोनच इंजिनांवर.

वजनाचे आकडे वाचण्याची रीत

नवख्या वाचकाची सर्वांत जास्त फसगत वजनाच्या आकड्यांत होते. उड्डाणाचे कमाल वजन म्हणजे विमान तेवढा माल उचलते असे नव्हे. रिकामे विमान, इंधन आणि माल किंवा माणसे या तिन्हींची ती बेरीज असते. ए-३८० चेच उदाहरण घेऊ. रिकामे विमान ढोबळमानाने २८० टनांचे असते. त्याच्या टाक्यांत सुमारे ३ लाख २० हजार लिटर इंधन मावते, म्हणजे आणखी जवळजवळ २५० टन. या दोहोंची बेरीज ५३० टन झाली आणि मर्यादा ५७५ ची असल्याने प्रवासी व सामान यांसाठी ४५ टनच उरले, जरी विमानाचा सांगाडा त्याहून बराच जास्त भार पेलू शकतो. भार वाढवायचा तर इंधन कमी घ्यावे लागते आणि पल्ला घटतो. त्यामुळे एखाद्या विमानाची भारक्षमता व त्याचा कमाल पल्ला हे दोन्ही आकडे एकाच उड्डाणात साधतात असे कधीही गृहीत धरू नये, आणि एका विमानाची भारक्षमता दुसऱ्याच्या एकूण वजनाशी तर मुळीच ताडून पाहू नये.

प्रवासी की लष्करी, हे अंगकाठीवरून ओळखा

आता प्रत्यक्ष विमानाकडे वळू. पहिली नजर पंख धडाला कोठे जोडले आहेत याकडे जावी. ए-३८० व ७४७ यांचे पंख धडाच्या खालच्या भागातून निघतात, तर सी-५ गॅलक्सी, सी-१७ ग्लोबमास्टर, आयएल-७६ आणि एएन-१२४ रुस्लान यांचे पंख धडाच्या माथ्यावर असतात. लष्कराला रणगाडा किंवा मालमोटार थेट विमानात चढवायची असते, तीही कदाचित जेथे उंच शिडी वा यंत्र मिळणार नाही अशा तळावर. त्यासाठी विमानाची फरशी जमिनीच्या शक्य तितक्या जवळ हवी. पंख वर नेल्याने धड खाली बसू शकते आणि पंखांना टांगलेली इंजिने मात्र धावपट्टीवरील खडे व धूळ यांपासून उंच राहतात. चाके मग पंखांत दुमडता येत नाहीत. ती धडाच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर कप्प्यांत शिरतात. पोटाजवळचे हे फुगवटे दुरूनही ओळखू येतात आणि ते दिसले की विमान मुळात लष्करी कामासाठी आखलेले आहे असे समजण्यास सहसा हरकत नसते.

रुस्लानमध्ये माल भरताना पाहण्याची संधी मिळाली, निदान तिचे चित्रीकरण तरी मिळाले, तर ते अवश्य आणि सावकाश पाहावे. प्रथम विमानाचे नाक बिजागरीवर वर उचलले जाते आणि कॉकपिटच्या खालून आत आरपार बोगदा दिसू लागतो, कारण मागचे दारही उघडता येते. मग पुढची चाके हळूहळू पुढे दुमडतात आणि हत्ती माहुतासाठी गुडघे टेकतो तसे ते प्रचंड धूड पुढच्या बाजूने खाली येते. घडी उघडून उतरंड जमिनीला टेकते व चढाचा कोन इतका सौम्य होतो की अवजड वाहन स्वतःच्या चाकांवर आत जाते. जे चाकांवर जात नाही ते आतील छताला बसवलेल्या क्रेनने उचलून घेतात. इतके सगळे विमानतळाच्या यंत्रसामग्रीवर फारसे न विसंबता होते. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, बेलफास्टहून दिल्लीला प्रत्येकी १८ टनांची तीन ऑक्सिजननिर्मिती यंत्रे आली ती एएन-१२४ नेच.

नागरी विमानांत नाक उघडण्याची सोय ७४७ च्या कारखान्यातूनच मालवाहू म्हणून बाहेर पडलेल्या अनेक विमानांत आहे. साठच्या दशकात बोइंगला वाटत होते की लवकरच स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, विमाने प्रवासी वाहतूक काबीज करतील आणि ७४७ ला मालवाहतुकीवरच गुजराण करावी लागेल. म्हणून नाकातून माल भरता यावा यासाठी कॉकपिट वर उचलले गेले आणि त्यातून त्याचे ओळखीचे कुबड तयार झाले. परंतु या विमानाची फरशी जमिनीपासून बरीच उंच असते, त्यामुळे माल चढवायला उचलयंत्र लागतेच.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या

रुस्लान आणि गॅलक्सी यांत अनेकांचा गोंधळ होतो. दोघांना चार इंजिने, दोघांचे पंख वर, दोघांचे नाक उघडणारे. अशा वेळी शेपूट पाहावी. गॅलक्सीचा आडवा पृष्ठभाग उभ्या शेपटीच्या शेंड्यावर बसलेला असतो, तर रुस्लानचा खाली धडाला जोडलेला असतो. विमान उतरण्याच्या बेतात असेल तर चाके मोजावीत: गॅलक्सीला २८, रुस्लानला २४. मापांतही गंमत आहे. गॅलक्सी सुमारे ७५.३ मीटर म्हणजे रुस्लानपेक्षा सहा मीटर लांब आहे, पण रुस्लानचे पंख ७३.३ मीटर, गॅलक्सीच्या ६७.९ मीटरपेक्षा मोठे, आणि भारही तेच अधिक उचलते. गॅलक्सी जून १९६८ मध्ये उडाले, रुस्लान डिसेंबर १९८२ मध्ये.

आपल्या हवाई दलाकडील सी-१७ व आयएल-७६ ‘गजराज’ ही दोन्ही शेंड्यावर आडवी शेपूट असलेली विमाने आहेत. गजराजच्या कॉकपिटखाली नाकाला काचेच्या खिडक्या असतात, मार्गदर्शकाच्या बसण्याची ती जागा. सी-१७ चे नाक मात्र बंद व बोथट असून पंखांची टोके वर वळलेली असतात. सी-१७ हे ५३ मीटरचे, म्हणजे गॅलक्सीपुढे लहानच. तरी १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलहून निघालेल्या अमेरिकी सी-१७ मध्ये ८२३ माणसे फरशीवर दाटीवाटीने बसून सुखरूप बाहेर पडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या सी-१७ ने पुण्याहून ऑक्सिजनचे रिकामे टँकर जामनगरला नेले.

प्रवासी विमानांत दुसरा मजला शेपटीपर्यंत जातो की पुढेच संपतो हे पाहिले की ए-३८० आणि ७४७ वेगळी झाली. ७४७-४०० च्या पंखांची टोके वर वळलेली असतात. ७४७-८ ला तशी टोके नसून पंख निमुळते मागे वळतात आणि इंजिनाच्या आवरणाची मागची कड करवतीसारखी दातेरी असते.

धावपट्टी व विमानतळाचा हिशेब

आकार कोठे थांबतो हे विमानतळ ठरवतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या वर्गवारीत ५२ ते ६५ मीटरपर्यंतचे पंख ‘ई’ गटात आणि ६५ ते ८० मीटरपर्यंतचे ‘एफ’ गटात येतात. ए-३८० चे पंख ७९.७५ मीटरच का, याचे उत्तर येथे आहे. ७७७-९ चे पंख उड्डाणात ७१.८ मीटर असतात, पण जमिनीवर त्यांची टोके दुमडून ६४.८ मीटर होतात, जेणेकरून ‘ई’ गटाच्या जागांत ते उभे राहू शकेल. एखाद्या नव्या महाकाय विमानाची बातमी वाचताना त्याचे पंख कोणत्या गटात बसतात हे प्रथम तपासावे. ते किती शहरांत जाऊ शकेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. ए-३८० मागे हवेत इतके प्रबळ भोवरे सोडते की मागच्या विमानाला अधिक अंतर ठेवावे लागते, आणि त्याचे वैमानिक नियंत्रकाशी पहिल्यांदा बोलताना आपल्या हाकेच्या नावापुढे ‘सुपर’ हा शब्द जोडतात. इतर अवजड विमाने ‘हेवी’ म्हणतात.

प्रत्यक्ष पाहायचे असल्यास

भारताने ए-३८० ला उतरण्याची परवानगी जानेवारी २०१४ मध्ये दिली आणि त्याच वर्षी सिंगापूर एअरलाइन्स व एमिरेट्स यांची ही विमाने मुंबईत येऊ लागली. ७४७ चा मुंबईशी संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. एअर इंडियाचे पहिले ७४७ ‘सम्राट अशोक’ १९७१ मध्ये आले. खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांची नक्षी रंगवलेली ती विमाने आमच्या आधीच्या पिढीला अजून आठवतात. त्यांतल्या ‘सम्राट अशोक’ला १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याजवळच्या समुद्रात अपघात झाला, हेही विसरता येत नाही. कंपनीचे शेवटचे ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचे निघून गेले.

विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर प्रत्येक विमानाच्या प्रकाराचा संकेत असतो. ए-३८० साठी ‘ए३८८’, ७४७-८ साठी ‘बी७४८’, रुस्लानसाठी ‘ए१२४’. सकाळी हे संकेत पाहून ठेवले तर दुर्मीळ मालवाहू विमान येणार असल्याचे आधीच कळू शकते. लष्करी विमाने मात्र अनेकदा या नकाशावर दिसत नाहीत. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा आणि गोव्याचे दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. तेथे छायाचित्रे काढू नयेत आणि कुंपणाजवळ रेंगाळूही नये. मुंबईतही विमानतळाच्या हद्दीत कॅमेरा काढण्याआधी परवानगीचे नियम पाहून घ्यावेत. नोंदवहीत विमानाचे नाव लिहिताना त्याची आवृत्तीही लिहावी, कारण नुसते ‘७४७’ लिहिले तर ते ६४.४ मीटर पंखांचे ७४७-४०० होते की ६८.४ मीटरचे ७४७-८, हे नंतर सांगता येत नाही.