फुकट डाउनलोडबरोबर आलेलं नको ते सॉफ्टवेअर कसं काढायचं

हवं असतं पीडीएफ जोडणारं एखादं छोटंसं सॉफ्टवेअर. ते मिळतंही. दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडावा तर नेहमीच्या सर्च पानाच्या जागी भलतंच काहीतरी, आणि कोपऱ्यात ‘कॉम्प्युटरमध्ये शेकडो चुका सापडल्या’ म्हणून बोंबलणारा ऑप्टिमायझर, म्हणजे कॉम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणारा प्रोग्राम. त्या चुका दुरुस्त करायला अर्थातच पैसे मागतो.

हा रूढ अर्थाने व्हायरस नव्हे. इन्स्टॉल करताना आपणच ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत परवानगी दिलेली असते, म्हणून अँटीव्हायरसही बऱ्याचदा गप्प बसतो. अशा प्रत्येक इन्स्टॉलमागे, हे जादा सॉफ्टवेअर आपल्या डाउनलोडला जोडणाऱ्याला पैसे मिळतात. नावाजलेली मंडळीही यातून सुटलेली नाहीत. अनेक प्रोग्राम चालवायला लागणाऱ्या जावाच्या इन्स्टॉलरबरोबर आस्क टूलबार (ब्राउझरला चिकटणारी सर्चची पट्टी) कित्येक वर्षं येत होता. 2015 मध्ये सोर्सफोर्ज या डाउनलोड साइटवर गिम्प या फुकट फोटो-एडिटरच्या विंडोज इन्स्टॉलरलाच जाहिरातींचं वेष्टण घातलं गेलं. पुढच्या वर्षी साइटचे मालक बदलले आणि त्यांनी तो प्रकार बंद केला.

आता साफसफाई. विंडोज 10 किंवा 11 आहे असं धरतो.

1. आधी अनइन्स्टॉल. सेटिंग्जमध्ये ‘अॅप्स’खालची यादी उघडा आणि ती तारखेनुसार लावा. गडबड सुरू झाली त्या दिवशीच्या नोंदी एकाखाली एक दिसतील. चोर बहुधा तिथेच सापडतो. मात्र ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ किंवा ड्रायव्हर अशा नावांना हात लावू नका, ती इतर प्रोग्रामना लागतात. काढताना खिडकीवरचं सगळं वाचा: ‘ठेवा’ हे बटण मोठं, रंगीत असतं आणि ‘काढून टाका’ कोपऱ्यात फिक्या अक्षरांत. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

2. ब्राउझर. अनोळखी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) काढा, सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान पुन्हा आपलं लावा. एवढ्याने भागलं नाही तर ‘रीसेट सेटिंग्ज’ वापरा. क्रोममध्ये त्याने एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि कुकीज जातात, पण बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात. आणि हो, कोपऱ्यात उगवणाऱ्या जाहिराती कित्येकदा सॉफ्टवेअरच्या नसतातच. कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची ‘अलाउ’ दिलेली असते. ती परवानगी काढली की त्या गेल्या.

3. शॉर्टकट. हे बहुतेक जण विसरतात. सगळं साफ करूनही तेच पान उघडत असेल तर डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘टार्गेट’ची ओळ शेवटपर्यंत बघा. ती चौकटीत मावत नाही, कर्सर उजवीकडे सरकवत न्यावा लागतो. शेवटच्या अवतरणचिन्हानंतर एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला दिसला तर तेवढा पुसा. टास्कबारवरच्या चिन्हाचंही हेच करा.

4. शेवटी स्कॅन. मालवेअरबाइट्स या कंपनीचं अॅडडब्ल्यूक्लीनर हे असलं सॉफ्टवेअर शोधून काढणारं साधन फुकट आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. पण ते त्यांच्याच साइटवरून घ्या. जाहिरात काढायचं साधन जाहिरातीच्या लिंकवरून उतरवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. सापडलेल्या यादीवर नजर टाकून मगच क्वारंटाइन करा, म्हणजे त्या फायली बाजूला बंद करून ठेवा. स्कॅन सगळ्यात शेवटी ठेवायचा, कारण त्याने फायली आधीच उचलल्या तर पुष्कळदा अनइन्स्टॉलर अर्धवट मोडतो आणि नोंद यादीत तशीच लटकत राहते.

पुन्हा येऊ नये म्हणून काय? सॉफ्टवेअर ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून डाउनलोड करा. सर्चमधला सगळ्यात वरचा दुवा अनेकदा जाहिरात असतो. एकाच पानावर तीन-चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणं दिसली तर ते पान बंद केलेलं बरं.

इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ किंवा ‘अॅडव्हान्स्ड’ निवडा. आधीच केलेल्या टिका तिथे दिसतात, त्या काढा. खरा फसवा प्रकार वेगळाच आहे. पहिल्या पडद्यावर लायसन्सचा मजकूर, खाली ‘अॅक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’. दुसऱ्या पडद्यावर हुबेहूब तशीच मांडणी, पण मजकूर कुठल्यातरी टूलबारचा. डिक्लाइन केलं तर हवं ते सॉफ्टवेअरही मिळणार नाही या भीतीने माणूस अॅक्सेप्ट दाबतो. बिनधास्त डिक्लाइन करा, मुख्य इन्स्टॉल सहसा पुढे चालूच राहतं.

‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘अॅप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ आहे. तिथलं नको असलेली अॅप्स अडवण्याचं बटण चालू करा आणि खालच्या दोन्ही चौकटींत टिका आहेत ना तेही बघा.

आणि डाउनलोड्स फोल्डरमधला तो मूळ इन्स्टॉलर पुसून टाका. नाहीतर घरातलं कुणीतरी महिनाभराने त्यावरच डबल क्लिक करतं.