चिंचोके लावून शिकलेला पोकर

पोकर मी शिकलो तो खोलीवरच्या मित्रांसोबत, चिंचोके लावून. नव्याने शिकणाऱ्यालाही हेच सांगेन. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, आणि शिकायला चिंचोके पुरतात.

टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात. मग मधोमध उघडी पानं पडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). सातांतली उत्तम पाच ज्याची, पॉट (मधे जमलेले सगळे चिंचोके) त्याचा. प्रत्येक टप्प्यावर लावलेले चिंचोके वाढवायचे, समोरच्याने लावले तेवढेच लावून बरोबरी करायची, नाहीतर फोल्ड, म्हणजे पानं टाकून डाव सोडायचा. रमी खेळणाऱ्याला हे अर्ध्या तासात कळतं. जड जातं ते फोल्ड करणं. 'एवढे लावलेत, आता कशाला सोडायचं' म्हणत मी दर डावात शेवटपर्यंत जायचो. पॉटमध्ये पडलेले चिंचोके आता आपले नाहीत, हे अंगवळणी पडायला कित्येक रात्री गेल्या.

एक डाव अजून लख्ख आठवतो. माझ्याकडे बदामचा एक्का आणि नव्वी, टर्नपर्यंत मध्ये दोन बदाम. आणखी एक आला की फ्लश: पाचही पानं बदामची. तेरांतले चार दिसलेले, उरले नऊ. न दिसलेली पानं ४६. म्हणजे साधारण पाचांतून एकदा. पॉटमध्ये ८० होते, समोरच्याने २० लावले. २० घालून १०० मिळणार असतील तर सहांतून एकदा जिंकलं तरी भरपाई होते. मी बरोबरी केली. त्याने ८० लावले असते, तर तीनांतून एकदा जिंकावं लागलं असतं. तीच पानं मी टाकली असती.

रिव्हरला आली किलवरची तिर्री. वीस गेले. निर्णय बरोबर होता, पण माझं डोकं फिरलं आणि पुढच्याच डावात सत्ती-दुर्रीवर चाळीस घालवले. चूक ती होती.

तेव्हापासून प्रत्येक मोठ्या डावानंतर वहीत लिहायला लागलो: काय दिसत होतं, किती लावले, का लावले. हरलो की जिंकलो, हा रकाना सगळ्यात शेवटी. दोन महिन्यांनी वही चाळली, तर बहुतेक चिंचोके रागात गेलेच नव्हते. ते हातात येणाऱ्या पहिल्या दोन पत्त्यांवरच गेले होते. हातात राजा दिसला की सोबतची चौकी मला दिसायचीच नाही. आता राजा-चौकी आली आणि बोलायची पाळी सगळ्यांआधी असली, तर फ्लॉपची वाटही बघत नाही.