विहिरीत पडलेलं कुत्रं बाहेर कसं काढायचं

कोल्हापुरातल्या प्राणिमित्रांना फोन लावायचा आणि ते येईपर्यंत काठावरून व्हिडिओ काढत बसायचं, याला मदत म्हणत नाहीत. चंदगड कोल्हापूरपासून शंभराहून जास्त किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या वाड्यांवर गाडी कशी पोचते ते तिथल्यांना विचारा. तोवर कुत्रं दमून बुडतं. फोन कराच, पण कामाला तुम्हीच लागा.

आधी मोटारीचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढा. मग ट्रॅक्टरची ट्यूब किंवा रुंद फळी दोराला बांधून पाण्यात सोडा. पुढचे दोन पाय टेकले तरी कुत्र्याला दम खाता येतो आणि तुम्हाला तयारीला वेळ मिळतो.

कुणालाही आत उतरू देऊ नका. भेदरलेलं कुत्रं वाचवणाऱ्याच्याच डोक्यावर चढतं आणि चावतं. बंद पडलेल्या विहिरीत, किंवा आत इंजिन चालवलेलं असेल तिथे, विषारी वायू साचलेला असू शकतो. त्याला वास असतोच असं नाही. गळ्यात फास टाकून ओढायचा सल्ला हमखास कुणीतरी देतो. त्याला डेअरीवर पाठवा, दूध घालायला.

आता कुत्र्याला वर घ्यायला बाज. लोखंडी पाइपची, नायलॉन पट्टीची असेल तर उत्तम, ती आपोआप बुडते. लाकडी असेल तर दगड बांधा. पाय वर येतील अशी उलटी करा आणि तीन बाजूंनी पायांना जुनी साडी घट्ट गुंडाळा. चौथी बाजू मोकळी. चार कोपऱ्यांचे दोर एकाच लांबीचे घेऊन वर कमरेपेक्षा उंच एका गाठीत आणा आणि तिथून मुख्य दोर. बाजूला एक दुसरा दोर हवाच, नाहीतर बाज भिंतीवर आपटत येते. सोडण्याआधी दोन माणसांच्या वजनानं दोर जमिनीवरच ओढून बघा.

खरं अवघड काम यापुढे आहे, आणि ते म्हणजे गप्प बसणं. बाज पाण्यात पडली की कुत्रं तिच्यापासून लांब पळतं. मग काठावरची पोरं शिट्ट्या मारतात, कुणी खडे मारून त्याला बाजेकडे हाकायला बघतं. तसं केलं की ते कपारीत घुसतं आणि मग तासन्‌तास निघत नाही. गर्दी हटवा. काठावर तीनच माणसं ठेवा, हुकूम एकाचाच. बाज वीतभर पाण्याखाली बुडवून कुत्र्याच्या वाटेत स्थिर धरा. पायाखाली टेकायला मिळालं की ते आपणहून थांबतं. पायरीवर बसलेलं असेल तर मोकळी बाजू पायरीला भिडवा, आत सुकट टाका आणि वाट बघा. चारी पाय आत आल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. दोन पाय आत असताना घाईनं ओढणारा माणूस मला विहिरीच्या आसपासही नको असतो.

ओढताना झटके नकोत. काठाशी आल्यावर कुत्र्याला हातानं उचलू नका. ते उसळतं आणि परत आत जातं. आख्खी बाज काठापासून लांब, दहा-बारा फूट रानात ओढून न्या आणि मोकळी बाजू शेताकडे करा. धडधाकट असेल तर पळून जाईल, जाऊ दे. जखमी असेल तर पोतं टाकून झाका आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. धापा टाकत असेल तर तोंड बांधू नका.

चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा आणि सगळे डोस पुरे करा.

बिबट्या, गवा, कोल्हा असेल तर ट्यूब किंवा बाज सोडून आधार द्या, माणसं पांगवा आणि वन विभागाला १९२६ वर कळवा. बाकी काही करू नका. गाय-म्हैस असेल तर तिच्या पोटाखालून घ्यायला रुंद पट्टे आणि क्रेन लागते, जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ वर फोन करा.

एक जुनी बाज, दोर, ट्यूब आणि जाळं गावच्या तालमीत कायमचं ठेवून द्या. शहरातून मदतीला आलेल्या पोरांना नारळ-शाल देऊ नका, डिझेलचे पैसे द्या.